दोन ट्रकांच्या मधे

सोहार बंदराच्या अलीकडे, वजनकाट्याच्या केबिनमध्ये
माझं वाचन चालतं ते दोन ट्रकांच्या मधे.
काळा दगड भरून एक येतो, थांबतो, आकडा ठरतो,
मी पावती फाडतो आणि राहिलेलं वाक्य शोधतो.
एका नायिकेला 'हो' म्हणायला सहा ट्रक लागले.
त्यामुळे माझं मत फार मनावर घेऊ नये.

पुस्तकं आणतो अश्फाक मुकादम, दापोलीचा.
रुवीहून दर दोन महिन्यांनी एक पिशवी.
निवड जाडीवर. "हे तुला रमजानपर्यंत पुरेल."

तर या खेपेची रहस्यकथा.
खुनी मला बेचाळिसाव्या पानावरच कळला,
त्याच्याबद्दल कुणीच वाईट बोलत नव्हतं.
तरी शेवटपर्यंत वाचली, कारण इन्स्पेक्टर उपाशी होता.
ताट पुढे आलं की कुणीतरी मरायचं.
तो जेवला का, एवढंच बघायचं होतं.
लेखक विसरला.

ऐतिहासिक कादंबरी, सातशे पानं.
घोडे दौडतात. दौडतच राहतात.
एकालाही तहान नाही.
इथे जूनच्या दुपारी माणसांनाही सक्तीने सावलीत बसवतात.
तलवारी झकास आहेत, खोटं कशाला बोलू.
पण गडावर दाणा किती गोण्या चढला,
दरवाज्यात कुणी मोजला?
कानावर बोरू खोचून कुणीतरी बसलेला असणारच.
सातशे पानांत त्याला शिंकसुद्धा आली नाही.

यशस्वी होण्याचं एक होतं.
पहाटे पाचला उठा, म्हणे.
पाचला मी खोलीवर परततो.
गुल जमानला हे हिंदीतून सांगितलं,
तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून इतका हसला
की काट्यावर आकडा चाळीस किलोने हलला.
पुन्हा वजन करावं लागलं. त्या पुस्तकाचा तेवढा उपयोग.

भुताचं रात्रपाळीत वाचू नको, मुकादमने बजावलं होतं.
वाचलं.
भूत विहिरीतून येतं. मी निर्धास्त,
आमचं पाणी समुद्रातून, यंत्रातून गाळून येतं,
त्या जाळ्यांतून कोण येणार.
आणि तीन वाजता रिकाम्या काट्यावर
वीस किलो.
बाहेर गेलो. कुत्रं.
दिवसभर तापलेल्या पत्र्यावर पोट टेकून झोपलेलं.
त्याला उठवलं नाही. त्याचं वजन वजा करत राहिलो सकाळपर्यंत.

कवितांचं पातळ होतं म्हणून मुकादमने मोजलंच नाही.
अर्धी पानं कोरी. फसवणूक, मी म्हटलं.
त्यात एके ठिकाणी एक बाई
दाराला आतून कडी लावते
आणि बाहेर राहते.
एवढंच. खाली तारीख.
मी दोन दिवस त्या दाराशी. कडी आतून, मग ती बाहेर कशी?
शेवटी गुल जमानला विचारलं.
म्हटलं आता हा पुन्हा काटा हलवणार.
तो हसला नाही.
"समझ गया," म्हणाला, आणि पावती न घेताच निघाला.
मागून पळत जाऊन द्यावी लागली.

सगळ्यात चांगलं मात्र पाककृतींचं.
मुखपृष्ठ नाही, मधली पानं हळदीने चिकटलेली.
आमच्या खोलीत शेगडीला बंदी, म्हणून नुसतं वाचलं, गोष्टीसारखं.
भरल्या वांग्याशेजारी पेन्सिलीने: 'माधवला तिखट लागलं.'
तिसाव्या पानावर: 'गूळ वाढवला. गप्प जेवला.'
मग बरीच पानं काही नाही.
मग अळूच्या वड्यांपाशी: 'निम्मं प्रमाण पुरे.'

परत द्यायची पिशवी काट्यावर ठेवून पाहिली.
शून्य.
वीस किलोच्या आतलं हा काटा धरत नाही.
मुकादमला म्हटलं, पुढच्या वेळी जाड आण.
एक पुस्तक कमी भरतंय, म्हणाला तो पिशवी उचलताना.
असेल, म्हटलं.
मागे ट्रक हॉर्न देत होता.