फर्प्टा

सहा अक्षरं आहेत, पण सुटी सुटी कुणी म्हणत नाही.
योलेट म्हणते, एका दमात. फर्प्टा.
ओल्या फरशीवर सपात आपटावी तसं.

आउनेबाई ओठ जुळवतात.
ब्याऐंशी वर्षांच्या त्या ओठांना फ ची सवय नाही.
त्यांच्या फिनलंडातल्या खेड्यात फ चा व व्हायचा,
कॉफीचीसुद्धा कह्वी झालेली.
"विर्ता," त्या म्हणतात, आणि स्वतःच थबकतात.
मधला प कुठे सांडला कोण जाणे.
विर्ता म्हणजे त्यांच्याकडे
नदीतलं ते चालतं पाणी
जे काठावरून दिसत नाही
आणि पोहताना पाय ओढतं.

योलेट हसत नाही.
हैतीहून आली तेव्हा तीही र गिळायची,
वर्षभर फप्टा म्हणत होती.
कुणी टोकलं नाही,
फक्त फाइल दुसऱ्या टेबलावर जायची.

आता अर्थ.
परकी, गुंतवणूक, स्थावर, कर, कायदा,
एवढं सगळं त्या एका आपटण्यात दडपलेलं.
"जमीन इथली, मालकीण बाहेरची.
विकताना शंभरातले पंधरा आधी बाजूला काढायचे.
मग विवरणपत्र भरा, वाट बघा,
देणं कमी निघालं तर उरलेले परत."
एसी घरघरतो. फ्लोरिडात जानेवारी आहे, तरीही.

"गुंतवणूक?" आउनेबाई विचारतात,
आणि चष्मा काढून उगीच पुसतात.
त्या इंग्रजी शब्दाच्या पोटात नुसता कपडा आहे,
अंगावर चढवायचा, उतरवायचा.
आपल्या शब्दात निदान गुंता तरी आहे.

एकतीस हिवाळे.
तौनोने गॅरेजात ठोकलेली लाकडी खोली,
बाहेर घाम फुटत असताना
आत नव्वद अंश करून दोघं बसायची
आणि शेजारी त्यांना वेड्यात काढायचे.
ग्रेपफ्रूटचं झाड, ज्याची फळं दोघांनाही आवडत नव्हती.
मागच्या खोलीतले तौनोचे शेवटचे बारा दिवस.
यातले पंधरा टक्के कसे मोजायचे
याला फॉर्मवर रकाना नाही.

"दुसरा एक कागद असतो म्हणे?"
"असतो. मी परकी नाही, असं शपथेवर लिहून द्यायचा.
तो तुम्हाला चालणार नाही."
योलेट आवाज खाली आणते.
तिला तो चालतो, नऊ वर्षं झाली.
अजून वापरलेला नाही.
तिच्याकडे विकायला घर नाही.

सही होते. किल्ल्या टेबलावर येतात:
पुढचं दार, मागचं दार, पत्रांची पेटी,
आणि एक बारकी, पितळेची.
"सॉना," योलेट चिठ्ठीवर लिहायला घेते.
"नाही, नाही." आउनेबाई खुर्ची पुढे ओढतात.
"सा-उ-ना. सा वर जोर. तोंड उघडा."
"सावना."
"पुन्हा."
बाहेर बसलेला पुढचा माणूस घड्याळ बघतो.
"साउना."
"हां. आता माझी पाळी. फर्..."
त्या थांबतात, हवेत हात झटकतात.
"तुमचं ते राहू दे."