वीस पैसे

इंजिन लिफ्टमधून वर आणलं, भाजीच्या क्रेटमध्ये,
वर जुनी चादर. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं
तर समोर टिपणीस, सोसायटीचे सेक्रेटरी.
"काय, कलिंगडं?"
मी हो म्हटलं.

बाकीची येझदी खाली पार्किंगमध्येच,
कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सनं झाकलेली.
भाऊंचे जोडलेले हात बरोबर पेट्रोलच्या टाकीवर.

खारेगावच्या ह्या गॅलरीतून पूर्वी खाडी दिसायची.
आता समोरच्या टॉवरची पाठ दिसते, पाइपांसकट.
तिथं वर्तमानपत्र अंथरून बसतो मी रात्री,
परातीत डिझेल, डिझेलात नट.
परात वृंदाची. तिनं एकदाच विचारलं, परत मिळेल का.

प्रत्येक भाग निघेल तसा फोटो काढायचा, असं ठरलं होतं.
तिसऱ्या दिवशी फोन तेलकट झाला
आणि क्रम माझ्या डोक्यात राहिला, म्हणजे गेलाच.
पिस्टन निघेना. चार दिवस भिजत ठेवला,
लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकला, मग लाटण्यानं
(हे वृंदाला माहीत नाही),
शेवटी जावळ काढावं तसं हलक्या हातानं,
एक सूत, मग एक सूत,
आणि एकदम मांडीत.

किकच्या शाफ्टवर, जिथं पुस्तकात वॉशर दाखवलाय,
तिथं वॉशर नव्हता.
वीस पैसे होते.
पितळी, कमळाचे, मधोमध भोक पाडलेले,
कडा कानशीनं घासलेल्या.
एक बाजू झिजून आरसा. दुसऱ्या बाजूला अर्धं कमळ
आणि सालाचा शेवटचा आकडा,
आठ की शून्य, नीट लागत नाही.

वागळे इस्टेटात पांचाळांचा लेथ आहे,
सिलिंडर बोर करायला त्यांच्याकडेच दिला होता.
त्यांनी नाणं चिमटीत धरून खिडकीपाशी नेलं.
"कानशीच्या रेघा बघा, कुठल्या अंगाला उतरल्यात.
डावखुरा होता."
मायक्रोमीटर लावला. बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "ह्याच्याकडे लेथ नव्हता हो."

नवा वॉशर दहा मिनिटांत काढून दिला,
ब्रॉन्झचा, अजून गरम, कागदात गुंडाळून.
त्याचे पैसे घेतले नाहीत.
बोरिंगचे मात्र सोडले नाहीत.

रात्री दोन्ही तळहातावर.
नवा बसवला, किक हातानं दाबली. गेली,
पण परत येताना मध्येच अडखळली,
नवा जावई उंबऱ्यावर अडखळतो तशी.
काढला. वीस पैसे बसवले.
असं दोनदा केलं.
तिसऱ्यांदा केलं नाही.

त्या माणसाबद्दल मला काय ठाऊक आहे?
त्याच्याकडे वॉशर नव्हता, सुट्टे होते,
आणि गाडीसाठी बाहेर कुणीतरी थांबलं होतं,
कुणाच्या लग्नाला जायचं होतं, दवाखान्यात,
किंवा नुसतं सिनेमाला.
तरी भोक अगदी मधोमध आहे.

मंगळवारी टिपणीसांची नोटीस आली.
"गॅलरीतून ज्वलनशील पदार्थांचा वास येत असल्याबाबत."
कागद चांगला जाड, लेटरहेडचा.
क्लचच्या बाजूचं गास्केट फाटलेलंच होतं.
नोटीस कव्हरवर पसरली,
छोट्या हातोडीनं कडेकडेनं टकटक करत आकार उमटवला,
कापला, ग्रीस लावलं,
बोल्ट आवळले, समोरासमोरचे, थोडे थोडे.

सुरू होते का, पांचाळ फोनवर विचारतात.
होते. कधी सहाव्या किकला, कधी अकराव्या.
निळा धूर घडी घातलेल्या भाऊंना लागतो.

पुढे कधीतरी, मी नसताना, कुणीतरी उघडेल हे.
शाफ्टवर वीस पैसे मिळतील,
आणि कव्हराच्या कडेला, तेलानं काचेसारख्या झालेल्या कागदावर,
उलटी अक्षरं:
सदर प्रकार त्वरित थांबवावा.
खाली सही, टिपणीस.

त्याला वाटेल, हाच तो मेकॅनिक.