अकरा टक्के

मिरज रोडला माझं दुकान म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या
आणि लिंबाखाली उभ्या सात-आठ गाड्या.
एकतीस वर्षं जुन्या ट्रकांची दलाली केली.
बॉनेटला कान लावला की कळायचं
कुठला पिस्टन खोकतोय,
कुठल्या मालकानं ऑइल बदलल्याची शपथ घेतलीय
आणि ऑइल तसंच आहे.
धुराचा रंग बघून भाव सांगायचो,
चुकलो तर पाच-दहा हजारांनी.

मंगळवारी पायगोंडा मगदूम आला.
आला म्हणजे दिसला; आवाज नव्हताच.
दुधगावचा. यार्डातली हळद कुपवाडच्या शीतगृहात पोचवतो.
गाडी पांढरी, पण आतून पिवळी:
डॅशबोर्ड, सीटची शिवण, चार्जरच्या वायरीचा पीळसुद्धा.
"दस्तगीरभाई, बघा की हिचं काय येतंय."

सवयीनं कान लावला.
रिकाम्या रांजणाला लावावा तसा.
माझ्याच कानातलं रक्त ऐकू आलं.

त्यानं पिशवीतनं कागद काढले.
घेतली तेव्हा अकरा लाख ऐंशी.
पत्रकावर हसरं जोडपं, खाली ठळक:
तीन वर्षांनी साठ टक्क्यांना आम्हीच परत घेऊ.
साठच्या डोक्यावर एक चांदणी,
मुंगीएवढी.
मधल्या काळात कंपनीनं नव्या गाडीचाच भाव पाडला, नऊ वीस.
आता शोरूमवाला म्हणतो, साठ टक्के आजच्या भावाचे;
आणि बॅटरीची तब्येत पंच्याऐंशीच्या खाली
म्हणून तेही नाहीत.
तब्येत हा त्यांचा शब्द.
मशीन लावलं, एक्क्याऐंशी निघाली,
तशी पावती दिली.
तीन लाख दहा हजार. द्या, नाहीतर चालवा.

"पोरीला दहावीत एक्क्याऐंशी पडले
तवा गल्लीत पेढे वाटले आम्ही,"
पायगोंडा म्हणाला. हसला नाही.

ग्राहक मंचात दोन तारखा झाल्या.
तिकडच्या वकिलानं विचारलं, चांदणी वाचली होती का?
"चांदणी वाचायची असती व्हय, भाई?"

त्याचा बाप आणि माझा बाप
हळदीच्या ढिगापाशी रुमालाखाली सौदा करायचे.
तोंड गप्प, बोटं बोलायची.
फसवाफसवी तिथंही होती, नव्हती असं नाही,
पण फसवणाऱ्याचा हात हातात असायचा.

मी खांद्यावरचा टॉवेल काढला.
खाली हात घातला. त्यानंही घातला.
कोरडा हात, नखांच्या कडा पिवळ्या.
तीन बोटं दाबू? चार?
उद्या गिऱ्हाईक विचारणार, बॅटरी अजून किती वर्षं,
तेव्हा मी कशावर हात ठेवून सांगू?
चार म्हणावं तर मी बुडतो,
तीन म्हणावं तर मीही शोरूमवालाच.
हात तसेच राहिले.
पोऱ्या चहा घेऊन आला तेव्हा सुटले.

गाडीत अकरा टक्के उरलेले.
"वायर मिळंल का?"
खिडकीतनं वायर काढून दिली.
तीन तास बसलो. एक टेम्पो बघायला दोघं येऊन गेले,
डिझेलचा, खडखडाटी; लगेच कळला.
तो म्हणाला, "गाडी वाईट न्हाई, भाई. हीच तर पंचाईत.
पहाटे चारला निघतो, गल्लीतलं कुत्रं उठत न्हाई.
बायको म्हणती, गेलासा कधी कळतच न्हाई."

निघताना त्यानं वाकून मीटर वाचला.
नऊ युनिट. शंभराची नोट ठेवली.
मी म्हणालो, ऐंशी.
तो म्हणाला, तुमचा धंद्याचा मीटर, दर जास्त, शंभर.
वाद घातला आम्ही, चांगला मोठ्यानं,
शेजारचा पंक्चरवाला उठून बघायला आला.
नव्वदला पटलं.

ती गेली.
कोपऱ्यावर वळली की अजून सिग्नलला आहे,
कानाला काही लागेना.
टॉवेल झटकला.
हळद गेली नाही.