नेढं

सालिमाच्या सोमवारच्या बाजारात
सुक्या माशांचा वास सुरू व्हायच्या जरा अलीकडे
मी सायकल उभी करते
आणि कॅरियरवरची लाकडी पेटी उतरवते.
आत सत्तावीस चष्मे.
तार मीच वाकवलेली, रात्री, कंदिलापाशी.
कानामागे टोचू नये म्हणून टोकांना नळीचे तुकडे,
कडेला दोन मणी, हवा तो रंग घ्या.
रंगाचे पैसे नाहीत, मी ओरडते.
नंबराचे आहेत.
तीन दिवसांच्या शिलाईइतके.
लोक ऐकतात, हसतात,
टोमॅटो घ्यायला निघून जातात.

मागे कुणीतरी खोकं पाठवलं होतं
फुकटच्या चष्म्यांचं, दूरदेशीहून.
सांडिफोलो शिंप्याच्या वाट्याला आला गुलाबी,
टोकांशी चमचमते खडे.
त्यातून त्याला स्वतःचेच हात
तळ्याच्या तळाशी ठेवल्यासारखे दिसायचे.
टाकला नाही त्यानं. खिळ्याला टांगलाय.
गिऱ्हाईक उधारीची भाषा करू लागलं
की तो नाकावर चढवतो, म्हणतो,
"कोण बोलतंय? मला तर कुणीच दिसत नाही."

तीन सोमवार मी त्याच्या ओसरीवर बसले.
सदरा लांब धरून बघायचा,
आणखी लांब.
म्हणायचा, "डोळे ठणठणीत आहेत, पोरी,
हातच आखूड पडायला लागलेत."

आणि सुया?
सुया मावुतो ओवतो.
मावुतो म्हणजे कटकटी; आईनं ठेवलेलं नाव,
बाप दक्षिणेत कामाला गेला त्या साली.
शाळेआधी येतो, अठरा सुयांत अठरा दोरे,
स्पंजच्या तुकड्यावर ओळीनं टोचतो,
एक गरम मांडासी खातो
आणि आदल्या दिवशीचं सगळं सांगतो:
कुणाला छडी बसली, कुणाची बकरी वर्गात शिरली.

चौथ्या सोमवारी
सांडिफोलोनं अर्धे पैसे दिले.
अडीच नंबर, निळे मणी.
सुई उचलली. पहिल्याच फटक्यात
दोरा नेढ्यातून आरपार.
मी टाळी वाजवणार, तोवर त्याची नजर
दोरीवर वाळणाऱ्या गणवेशांकडे गेली.
एक ओढून घेतला. शिवणीवरून बोट फिरवत
शेवटापर्यंत गेला.
"अख्खी शाळा," तो हळूच म्हणाला,
"वाकड्या शिवणीत फिरतेय,
आणि मला कुणी काही बोललं नाही."

उरलेले पैसे घ्यायला मी उजाडताना गेले.
तो चष्मा लावून बसलेला,
अठराही सुया ओवून तयार.
रस्त्यावर चपला वाजल्या, फटक फटक,
घाईनं एका पायात उलटी घातल्यासारख्या.
सांडिफोलोनं चष्मा काढून खणात सरकवला
आणि एकेक करत
सगळे दोरे उपसले.
माझ्याकडे पाहिलं.
मी सायकलच्या चेनमध्ये बोटं घातली.

"ये रे," तो म्हणाला, "काल संध्याकाळपासून खोळंबलोय."
"बकरी परत आली होती," मावुतो म्हणाला.

लिलाँग्वेच्या कचेरीचा एक तक्ता भरायचा असतो मला:
गिऱ्हाईक चष्मा रोज वापरतं का?
हो किंवा नाही. कारण द्या.

कारणाचा रकाना
तांदळाच्या दाण्याएवढा.
मी माझा चष्मा पुसला,
"हो" लिहिलं,
आणि पुढच्या ओळीवर गेले.