पंच क्रमांक दोन

खांद्याला शेक लावून बसलो होतो
पडद्याआडच्या तिसऱ्या खाटेवर,
तेव्हा बाहेरून आवाज आला,
इथे दोन पंच मिळतील का?
मी हात वर केला. डावा. उजवा जात नाही.
तीस वर्षं कबड्डीची शिट्टी वाजवली,
पंच म्हटलं की हात आपसूक उठतो.

लिहून घेतलं त्यांनी :
सुकलाल हिलाल कोळी, वय एकसष्ट,
धंदा निवृत्त क्रीडाशिक्षक, राहणार पैलाड, अमळनेर.
पंच क्रमांक एक, समोरच्या रसवंतीतला गणपत, वय एकोणीस.
इथला बर्फ त्याच्याकडूनच येतो,
ते मात्र त्याला कोणी विचारलं नाही.

डॉक्टर मुनिरा तडवी. जळगावहून आलेल्या,
मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत.
पाण्याचा पेला बाजूला सारून म्हणाल्या, आधी रजिस्टर.
नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं,
उदबत्तीच्या धुराने कडा पिवळ्या,
मुदत मार्चातच संपलेली.
पिवळ्या पिशवीत लाल पिशवीतला कचरा,
लाल पिशवीत केळीची सालं.
भदाणे डॉक्टर एकदा हसले.
मग नाही हसले.

मग फ्रिज.
दारात मठ्ठ्याची बाटली, खाली लोटनचा डबा,
मधल्या कप्प्यात रांगेने उभ्या चौदा कुप्या.
बाईंनी एकेक उजेडात धरली,
आम्ही जन्माचे दाखले धरायचो तशी,
चौदा वर्षांखालच्या संघात मिशी फुटलेली पोरं यायची तेव्हा.
नऊ चांगल्या.
पाचांवर फेब्रुवारी.
माझा खांदा एप्रिलात टोचला होता.
मी बोटांवर मोजलं, बोललो नाही.
खांदाही बोलला नाही,
खरं तर तेव्हापासून त्याला जरा उतारच आहे.

लोटन कानाशी आला, सर, काय लिखतस त्या?
म्हटलं, दिसतं ते.

हा निरंजन भदाणे.
शहाण्णव साली, तालुक्याच्या अंतिम सामन्यात
मी याला बाद दिला होता.
रेघेला पाय लागला, म्हणालो.
धूळ एवढी उडाली होती की रेघ मलाच दिसत नव्हती.
पोरगा काही बोलला नाही, जाऊन बाकावर बसला.
आता चार महिने झाले,
माझ्याकडून पैसे घेत नाही.

पलीकडच्या खाटेवर सेवंती पावरा,
चोपड्याच्या वर, पाड्यावरची, लांब उडी मारणारी.
दोन एस.टी. बदलून येते.
गुडघ्यावर रसवंतीचा बर्फ, फडक्यातून थेंब थेंब.
तिने विचारलं, मॅडम, मग उद्या मी कुठे येऊ?
बाईंचं पेन थांबलं.
छापील कागद त्यांनी वरून खालपर्यंत पाहिला,
उलटवून मागेही पाहिला.
जळगावला, म्हणाल्या, सिव्हिलमध्ये
बुधवारी हाडांचे डॉक्टर बसतात.
आणि आपलंच वाक्य ऐकल्यासारख्या गप्प झाल्या.

वाचून दाखवलं :
कुप्या पाच, मुदतबाह्य, पंचांसमक्ष सीलबंद.
लाखेचा वास खोलीभर.
कागद माझ्यापुढे आला.
भदाणे खिडकीबाहेर बघत होते,
माझ्याकडे न बघण्याची त्यांची तीच तऱ्हा.
या वेळी रेघ दिसत होती.
धूळ नव्हती, गर्दी नव्हती,
ठिपक्याठिपक्यांची रेघ, खाली छापलेलं : पंचाची सही.

सही उजव्या हातानेच करावी लागते.
अक्षर वाकडं आलं.
बाई म्हणाल्या, चालेल.

बाहेर ऊन पांढरं फट्ट.
गणपत चरकाजवळ जाऊन उभा राहिला,
ऊस आत सारता सारता म्हणाला,
सर, उद्याची लादी फोडून ठेवू, का नको?
चरकाचे घुंगरू वाजत होते.
मी दाखवलं, त्यात काही ऐकू आलं नाही.