शेवटच्याला पहिली निवड

एप्रिल लागला की माझ्या दोन याद्या होतात.
एक लिमयांच्या शेडमधली: चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी.
दुसरी त्याच वहीच्या मागच्या पानावरून उलटी सुरू होते,
क्लीव्हलँडने यंदा कोणाला घ्यावं.

क्लीव्हलँडला मी एकदाच उतरलो.
बोटीवर ऑइलर होतो, नोव्हेंबर, तळ्यावरून बोचरा वारा,
आणि धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या क्रेनवाल्याने
जास्तीचं तिकीट माझ्या हातात कोंबलं.
हजारो माणसं थंडीत उभी राहून हरत होती.
मला पूर्णगड आठवलं. का, ते विचारू नका.
तेव्हापासून तो संघ माझा.
बावीस वर्षं झाली. जिंकण्याबद्दल मी बोलत नाही.

पण त्यांच्या खेळात एक नियम आहे,
तो टेकबहादूरला मी दरवर्षी नव्याने सांगतो
(बाग राखतो तो, मे संपला की नेपाळला जातो):
जो वर्षभर हरला, सगळ्यांत खाली राहिला,
नव्या पोरांतला पहिला पोरगा त्याचा.
तो दरवर्षी तेवढाच चकित होतो.
"खरंच? हरलेल्याला आधी?"
आमच्याकडे आधी वाशीचा दलाल उचलतो,
मग लिमये, मग लिमयांचे पाहुणे,
आणि डागी उरतो तो आमच्या पिशवीत.

तर यंदाची पहिली निवड आपली.
क्वार्टरबॅक घ्या, सगळे म्हणतील.
तो उंच हॉलिंगर, देठापासून टोकापर्यंत एकसारखा.
मी नाही घेणार. असे तीन पाहिलेत.
बाहेरून डाग नाही, वासाने खोली भरते,
कापला की आत पांढरा साका.
साका वरून कळत नाही.
जन्म आंब्यात गेलेल्यालाही नाही.

मी घेईन काउलिंग. टॅकल. एकशे त्रेचाळीस किलो.
त्याचं काम एवढंच, मागच्याला धक्का लागू नये.
चेंडू त्याच्या हाताला लागत नाही,
टीव्हीवर नाव येतं ते चूक झाली तरच.
सोळा वर्षं इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाला
हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या फेरीत तुइमावाई. हात झेल्यासारखे,
देठासकट अलगद उतरवील.
तिसरी फेरी आपल्याला नाहीच.
ती गेल्या वर्षीच देऊन टाकली, एका नावाजलेल्या खेळाडूसाठी,
दुसऱ्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला.
रोहिणी सुपातून मान वर न करता म्हणाली,
"म्हंजे आपल्या वरच्या कलमांसारकं."
वरची कलमं मी पाच वर्षांच्या करारावर दिली आहेत.
पैसे एजंटाला गेले, बोट काही मिळाली नाही.
मी वहीत मान घातली.

चौथी, पाचवी, सहावी अजून कोरी.
सातव्या फेरीत उरतं तरी कोण?
टेकबहादूर पेट्यांच्या काट्यावर चढला.
चोपन्न किलो, बूट धरून.
मग उतरून त्याने एका सोडणाला लाथ हाणली,
ते गडग्यावरून, काजूवरून, थेट लिमयांच्या विहिरीत.
लिहून टाकलं: किकर. सातवी फेरी. नेपाळ.

निवड तिकडे गुरुवारी रात्री,
म्हणजे इथे शुक्रवारी पहाटे साडेपाच.
ट्रक चारला येणार होता, आला सव्वापाचला.
एकशे ऐंशी पेट्या चढवेपर्यंत
खाडीवर ऊन आलेलं. रेंज फक्त जांभळीखाली.

त्यांनी हॉलिंगर घेतला.
काउलिंग नवव्या नंबरला, भलत्याच कुणाकडे.
टेकबहादूर म्हणाला, "आता?"

आता काय. पान तेच, वरची ओळ खोडली.
फोटोत पोरगा हसत होता, डोक्यावर आमची नारिंगी टोपी,
शेजारी त्याची आई, तोंडावर दोन्ही हात.
मी अंगठा काचेवर ठेवला, देठापाशी ठेवतो तसा,
जरासा दाबला.
गोड निघ रे बाबा.