हातचा

पहिल्या वर्षी आम्हाला एक हात दिला.
मनगटापासून कापलेला, औषधात मुरलेला, फिकट;
कुणा अनोळखी माणसाने जाताना कॉलेजला दिलेला.
हॅलिफॅक्सच्या त्या गार खोलीत
अंगठ्याकडे जाणारा एकेक स्नायू चिमट्याने उचलत
मी नावं पाठ केली.
त्या हाताने जन्मभर काय केलं, ते परीक्षेला नव्हतं.
तर्जनीवर एक जुना व्रण होता,
माझ्या आईच्या बोटावर आहे तस्साच,
मासळीच्या कारखान्यातल्या सुरीचा.

मग उमेदवारीत डॉरीन डॉमिनी भेटल्या,
एकोणतीस वर्षं शाळा-शाळा फिरलेल्या.
गाडीच्या डिकीत कपड्यांचे चिमटे, मळायची माती,
बोथट कात्र्या, उतरती फळी,
आणि बर्फ उपसायला फावडं.
पहिल्याच दिवशी मी एका मुलाच्या बुटाची नाडी बांधून दिली.
परतताना साठ किलोमीटर त्या बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "पोरी, उद्यापासून हातांवर बस."

मला थट्टा वाटली.
दुसऱ्या दिवशी त्या खरंच बसल्या,
बुटक्या खुर्चीत, दोन्ही तळवे मांड्यांखाली,
आणि एक पोरगा अकरा मिनिटं एका बटणाशी झुंजला.
बाईंच्या कपाळावरची शीर तेवढी उडत होती.

हातावर हात ठेवून बसायला शिकण्यासाठी
मी चार वर्षांचं कर्ज काढलंय
हे ऐकून वडील बराच वेळ हसले.

आता माझ्याकडे सात शाळा,
न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर;
एका शाळेची बोट चुकली की मुक्कामच.
टॅम्सिनचे बाबा, एल्डन पार्डी, टोपी न काढता विचारतात,
"व्यवसायोपचार? सहा वर्षांच्या पोरीला कसला आलाय व्यवसाय?"
आहे की.
डबा उघडणं. नाक पुसणं. रांगेत न धडपडता उभं राहणं.
आणि हिवाळ्यात रोज दोन चाळीसला
कोटाची चेन लावणं.

उजवा हात तिचं ऐकतो. डावा
जन्मापासून मुठीत काहीतरी धरून बसलाय,
दाखवत नाही.

किपिंग सर भला माणूस. एकोणीस मुलं, एक बस.
ओळीने सगळ्यांच्या चेनी ओढत जातात, सर्र, सर्र,
मासे साफ करावेत तसे,
फक्त उलट्या दिशेने.
मी म्हटलं, टॅम्सिनला राहू द्या.
"बस निघेल."
निघू दे म्हणणारी मी कोण?
महिन्यातून दोनदा उगवणारी बाई.

तरी आज तिच्यासमोर जमिनीवर बसले, तळव्यांवर.
चेनीच्या टोकाला आजोबांनी जाळ्याच्या दोऱ्याचं कडं गाठून दिलंय.
"डाव्याने नुसतं दाबून धर."
शिरली. सुटली.
शिरली.
बाहेर भोंगा.
किपिंग सरांचा हात पुढे आला, मी पाहिलं,
अर्ध्यावर थांबला,
मग त्यांनी तो स्वतःच्या खिशात घातला.
इंजिनाची घरघरही थांबली.
खिडकीतून आत बघत ड्रायव्हर सिरिलने थर्मास उघडला.

जीभ बाहेर, भुवया एकत्र,
छातीपर्यंत आली चेन आणि अडली.
"एवढी पुरे," टॅम्सिन म्हणाली
आणि पळाली, गळा उघडा टाकून, वाऱ्यात.

गाडीत बसून फॉर्म भरते.
स्वतंत्रपणे: नाही.
मदतीने: कुणाच्या?
बंद केलेलं इंजिन, खिशात गेलेला हात,
यांना रकाना नाही.
बेरजेत न मावलेला एक
शेजारच्या घराच्या डोक्यावर मांडतात,
तसं मी ते समासात लिहून ठेवते, बारीक अक्षरात.

उद्या दुसरी शाळा, दुसरी कात्री.
बोटांना अजून मुंग्या आहेत.
किल्ली भोकात जाईना. शिरली. सुटली.
मागच्या काचेत एल्डन पार्डी, हात खिशात घालून,
बघत उभा.